साडेनऊ गुणांचा म्हातारा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी चालेल, मला सवय आहे. मी एक जुना कंट्रोलर आहे, व्हिडिओ गेम खेळायचा, वायरवाला, आणि माझ्यासारख्याचं आयुष्य खरं वाटावं असं नसतंच. चाळीस हजार राक्षस मी मारले आहेत. सात राज्यं बुडवली आहेत, त्यातली दोन एकाच दिवशी, जेवणाआधी. चंद्रावर मोटार चालवली आहे आणि ब्रेक लागला नाही म्हणून तिथून थेट समुद्रात पडलोही आहे. हसा, हसा. पण या सगळ्याहून मोठं काम मी एकदा केलं, आणि तेही नखाच्या टोकाएवढं डावीकडे सरकून. एका माणसाचा एकोणीस वर्षांचा शब्द मी एका आठवड्यात बुडवला.

आज दुकानाला सुट्टी आहे. दुरुस्तीवाल्या बाई उद्याच येतील, तोवर या टेबलावर आपण सगळे मोकळेच आहोत. पाठीचं झाकण हरवलेले रिमोटराव आहेत, एका कानानं बहिरे झालेले हेडफोन आहेत, तीन बटणं गमावलेला कीबोर्ड आहे, आणि तो पलीकडचा पांढराशुभ्र नवा कंट्रोलर आहे, जो आल्यापासून एक शब्द बोललेला नाही. तेव्हा ऐका.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला आम्ही नुसती प्लास्टिकची टरफलं असायचो. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पोटात तारा, अंगावर बटणं आणि अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या, डोक्यावर रबराच्या टोप्या घातलेल्या. अगदी शेवटच्या खुर्चीवर तपासणी करणारी बाई बसायची. ती प्रत्येक दांडी दोनदा गोल फिरवायची, मग सोडून द्यायची, आणि दांडी बरोबर मधोमध येऊन थांबते का ते बघायची. माझी थांबली. 'ठीक,' एवढंच ती म्हणाली. माझ्यावर कुणी दिलेलं ते पहिलं मत. दहापैकी किती, हे तिनं सांगितलं नाही.

मला विकत घेतलं एका परीक्षकानं. शाळेतला परीक्षक नव्हे. हा नव्या व्हिडिओ गेमची परीक्षा घ्यायचा. एका साप्ताहिकात त्याचं पान होतं. नवा खेळ बाजारात यायच्या आठ दिवस आधी याच्या घरी यायचा, 'अमुक तारखेपर्यंत कुठे बोलू नका' अशी चिठ्ठी सोबत घेऊन. हा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा, वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर टिपणं काढायचा, आणि ठरलेल्या दिवशी लेख छापून यायचा. लेखाच्या तळाशी एक चौकोन, चौकोनात आकडा. दहापैकी सहा. दहापैकी तीन. लोक आधी चौकोन बघत आणि मग राग आला तरच लेख वाचत.

त्याचे दोन नियम होते. जे स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा पहिला. दुसरा माझ्याबद्दल होता. प्रत्येक खेळ तो माझ्यावरच खेळायचा. साप्ताहिकानं त्याला मधे एक नवा कंट्रोलर दिला होता, तो ऑफिसच्या कपाटावर खोक्यातच पडून राहिला. शेजारच्या टेबलावर सिनेमांवर लिहिणारा एकजण बसायचा, सगळे त्याला सिनेमावाला म्हणायचे. तो चिडवायचा, की त्या बिचाऱ्याला आता तरी पेन्शन दे. त्यावर हा शांतपणे म्हणायचा, तराजू एकच हवा. एक खेळ एका तराजूत तोलला आणि दुसरा दुसऱ्या, तर दोघांत उजवं-डावं कसं ठरवणार? हे ऐकलं की माझ्या बटणांवर तकाकी यायची. मी तराजू होतो, मित्रांनो. तराजूच कलला तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही.

घरी तो आणि त्याची आई, दोघंच. खोल्या दोन. बाहेरच्या खोलीत टीव्ही, टीव्हीसमोर त्याची गादी, आणि त्याच्या डाव्या हाताला, खिडकीपाशी, आईची वेताची खुर्ची. तिला खेळातलं काडीचंही कळत नव्हतं, त्यामुळे तिची मतं अगदी पक्की असायची. एकदा एक युद्धाचा खेळ आला होता, जगभर गाजलेला. ती विणकाम मांडीवर ठेवून दोन तास बघत बसली आणि मग म्हणाली, "एवढी माणसं मारली ह्यानं, पण एकदाही घोटभर पाणी मागितलं नाही." मोटारींच्या शर्यतीवर तिचं म्हणणं होतं, की इतकी घाई करून शेवटी निघाला तिथंच तर आला, मग घरीच बसला असता. राजवाड्यात शिरून खजिना शोधणाऱ्या वीराला तर तिनं वीर मानायलाच नकार दिला. परक्यांच्या घरात घुसून मडकी फोडतो, आणि वर त्यालाच बक्षीस?

तो हसायचा. आणि मग ते वाक्य जसंच्या तसं लेखाखाली छापायचा, 'घरातल्या ज्येष्ठ परीक्षकांचं मत' म्हणून. वाचकांना ती ओळ लेखापेक्षा आवडू लागली. एकानं तर पत्र लिहून मागणी केली, की ज्येष्ठ परीक्षकांना वेगळं पान द्या आणि चिरंजीवांना मदतनीस नेमा. ते पत्र आईनं विणकामाच्या पिशवीत ठेवलं. सुया काढताना दरवेळी ते बाहेर यायचं, आणि बाहेर आलंच आहे म्हणून तिला दरवेळी वाचावं लागायचं.

आता एक गुपित सांगतो. हे तिच्या मुलालाही माहीत नाही.

तो ऑफिसला गेला की दुपारी ती दार लावून घ्यायची, टीव्ही सुरू करायची आणि मला हळूच मांडीवर घ्यायची. खरंच सांगतो. तिला मारामारी जमायची नाही, उडी मारता यायची नाही. तिला एकच गोष्ट जमायची. तुम्हाला ठाऊक आहे, त्या जुन्या पद्धतीच्या खेळांत माणूस डावीकडून निघतो आणि उजवीकडे जातो. राक्षस उजवीकडे, खजिना उजवीकडे, बक्षीस उजवीकडे. ती मात्र डावी दांडी अंगठ्याखाली धरून डावीकडे दाबायची. तो पोरगा उलटा फिरायचा, निघाला होता तिथं यायचा, पडद्याच्या कडेला अडायचा आणि तिथंच पावलं टाकत राहायचा. ती दाबतच राहायची. "जा बाबा घरी," ती म्हणायची, "तुझी आई जेवायची थांबली असेल." तासभर. रोज. कित्येक वर्षं. मग चार वाजले की मला फडक्यानं पुसून होतं तिथं ठेवून द्यायची. चाळीस हजार राक्षस मारल्याचं मला काही वाटत नाही, पण मित्रांनो, त्या दुपारी मी कितीतरी पोरांना घरी पोचवलं आहे.

एका हिवाळ्यात तिची छाती भरली. खोकला काही जाईना. तो घरूनच काम करू लागला. मी त्याच्या हातात, ती खुर्चीत, आणि त्याचा एक डोळा पडद्यावर तर दुसरा तिच्यावर. बोलताना तिला धाप लागायची, त्यामुळे मतं आखूड होत गेली. आधी एक वाक्य, मग तीन शब्द. एका परीकथेच्या खेळावर तिनं एकच शब्द दिला. "लांबलंय." त्यानं तोही छापला. त्या अंकाची प्रत घरी आली तेव्हा खुर्ची रिकामी झाली होती.

खुर्ची त्यानं हलवली नाही. खेळताना डावीकडे बघायचं मात्र सोडलं.

त्यानंतर वर्षभर जो खेळ येईल त्याला तो साडेपाच गुण देत गेला. युद्ध, साडेपाच. शर्यत, साडेपाच. लोक ज्यासाठी दुकानांपुढे रांगा लावत होते तेही साडेपाच. लेख नीटनेटके असत, चूक काढायला जागा नसे, आणि त्यात जीवही नसे. ऑफिसमध्ये त्याचं नावच साडेपाच पडलं. "साडेपाच, चहा घेणार?" असं लोक त्याच्या तोंडावर विचारायचे आणि तो 'हो' म्हणायचा. संपादकबाईंनी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्हाला हल्ली काहीच आवडत नाही का. तो म्हणाला, वाईटही काही वाटत नाही, म्हणून तर अर्धा जास्त देतो.

आणि मग तो म्हातारा आला.

खेळाचं नाव होतं 'घरभर'. एका बहीण-भावानं मिळून तीन वर्षं खपून केलेला. राक्षस नाहीत, खजिना नाही. एक म्हातारा आहे आणि त्याचा चष्मा हरवला आहे. तीन खोल्यांच्या घरात तो चष्मा शोधतो, बस. घर आपल्याला समोरून दिसतं, नाटकातल्या खोलीसारखं. उजवीकडे स्वयंपाकघर, मधे पलंग, आणि अगदी डावीकडे खिडकीपाशी एक खुर्ची, तिच्यावर अर्धवट विणलेला स्वेटर. त्या भावंडांनी म्हाताऱ्याला फार हळवं केलं होतं. बाकीच्या खेळांतले वीर दांडीला थोडा धक्का लागला तर लक्षही देत नाहीत, नीट दाबलं तरच हलतात. हा म्हातारा अंगठ्याची सावली पडली तरी पाऊल टाकायचा.

दुपारची वेळ होती. माझा परीक्षक अर्धा तास खेळला. पाकिटाच्या पाठीवर त्यानं काहीतरी लिहिलं, बहुधा तोच नेहमीचा आकडा, आणि चहा गाळायला उठला. मला गादीवर ठेवलं. कप घेऊन परत आला तेव्हा म्हातारा पलंगापाशी नव्हता. तो चालत होता. अगदी सावकाश, पाय ओढत, कुणी न सांगता. डावीकडे. खुर्चीपाशी पोचला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

माझा परीक्षक कप हातात धरून तसाच उभा. मग खाली बसला. म्हाताऱ्याला परत पलंगापाशी आणलं, मला खाली ठेवलं, हात मागे घेतले. म्हातारा पुन्हा निघाला. पुन्हा खुर्चीपाशी. सात वेळा त्यानं हे केलं. आठव्या वेळी तो खेळ बघत नव्हता. मान डावीकडे वळवून, वर्षभर न बघितलेल्या त्या वेताच्या खुर्चीकडे बघत होता, आणि रडत होता. मोठ्यानं, लहान मुलासारखं. चहा तसाच गार झाला.

मित्रांनो, मी त्याला थांबवायला हवं होतं. पण मला तोंड कुठे होतं? आणि खरं सांगू का, मला थांबवायचंही नव्हतं.

तो लेख त्यानं एका बैठकीत लिहिला. 'या खेळातला सगळ्यात सुंदर क्षण तुम्हाला काहीही न करता मिळेल,' असं त्यात होतं. 'कंट्रोलर खाली ठेवा. थांबा. म्हातारा तुमचं ऐकायचं सोडून देईल आणि आपला आपण त्या खुर्चीकडे जाईल. चष्मा शोधायला त्याला तुमची मदत लागते, खुर्चीतल्या तिला शोधायला लागत नाही.' खाली चौकोन. चौकोनात साडेनऊ. इतके गुण त्यानं एकोणीस वर्षांत कुणालाही दिले नव्हते. सिनेमावाल्यानं अंक उलटा धरून बघितला, म्हणाला, आकडा उलटा छापलाय का रे? पण लेख वाचून झाल्यावर तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. ज्या माणसाला वर्षभर काहीच आवडलं नाही त्याला हे आवडलं, म्हणजे काहीतरी असणारच. त्या आठवड्यात 'घरभर' हजारो घरांत पोचला. आणि हजारो घरांत लोकांनी कंट्रोलर खाली ठेवले, हात मागे घेतले, आणि वाट बघू लागले.

म्हातारा हलला नाही.

एका बाईंनी कळवलं, की मी स्वयंपाक केला, जेवले, भांडी घासली, येऊन बघते तर तो आपला तिथंच. एकानं लिहिलं, हा तर आमच्या खऱ्या आजोबांपेक्षा हट्टी निघाला. दोन दिवस असे विनोद चालले. मग विनोद आटले. यानं खेळ खेळलेलाच नाही, बसल्या जागी मनाचं लिहून दिलं, असं लोक म्हणू लागले. कुणी म्हणालं, विकला गेला. त्याहून वाईट म्हणजे कुणी म्हणालं, गेलेल्या आईबद्दलचं वाटावं असं मुद्दाम लिहितो, म्हणजे कुणाला बोलता येऊ नये. लोक खेळ परत करू लागले. त्या भावंडांचा काय दोष होता? त्यांनी एक चांगला म्हातारा केला होता. लोकांना दुसराच पाहिजे होता.

संपादकबाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत टीव्ही मांडला होता, सिनेमावाला होता, आणि ऑफिसची सगळी यंत्रं सांभाळणारे मशीनकाका होते, वर्षभरात निवृत्त होणारे. बाईंनी आधी त्या बहिणीचं पत्र वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं, 'आमच्या खेळात असं काही नाही. आम्हाला ते सुचलं असतं तर फार बरं झालं असतं.'

पत्राची घडी घालून बाई म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आता मला दाखवा."

त्यानं पिशवीतून मला काढलं. वायर जोडली. म्हाताऱ्याला पलंगापाशी उभं केलं, मला टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले, जादूगार करतो तसे. म्हातारा निघाला. पाय ओढत, सावकाश, डावीकडे, खुर्चीपाशी. बाईंनी तोंडावर हात ठेवला. सिनेमावाला म्हणाला, "अरे, म्हणजे हा खरं बोलतोय."

मला वाटलं, सुटलो.

मशीनकाका उठले. त्यांनी खेळ बंद केला आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी लावलं. पांढरा चौकोन, आणि त्यात एक लाल ठिपका. ठिपका मधोमध असायला हवा होता. तो मधोमध नव्हता. किंचित, अगदी किंचित डावीकडे सरकून बसला होता. म्हातारा नाही, खुर्ची नाही, खिडकी नाही. नुसता ठिपका, डावीकडे.

काका म्हणाले, "खेळ नाही चालवत त्याला. हा चालवतोय." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या परीक्षकानं माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, एकोणीस वर्षांत त्यानं मला कधी बघितलंच नव्हतं. आम्ही दोघंही नेहमी एकाच दिशेला, पडद्याकडे बघायचो. त्या दिवशी पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. तो चिडला असता, मला भिंतीवर आपटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "हातात नवा हवा होता."

संपादकबाईंनी सांगितलं, की नव्या कंट्रोलरवर पुन्हा खेळा आणि पुन्हा गुण द्या. कपाटावरचं खोकं खाली आलं. ऑफिसमध्येच, दुपारी, सगळ्यांसमोर तो खेळला. चष्मा सापडला. मग त्यानं म्हाताऱ्याला पलंगापाशी आणलं, नवा कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि वाट बघू लागला. खरं तर आता वाट बघण्यासारखं काही नव्हतं. दीड तास तो तसाच बसला. सिनेमावाला चहाचा कप आणून त्याच्यापुढे ठेवून गेला, एकही शब्द न बोलता, आणि तो माणूस एरवी शब्दाशिवाय कपही उचलत नसे. शेवटी यानं टीव्ही बंद केला. "चांगला खेळ आहे," म्हणाला. "सात."

पुढच्या अंकात चार ओळी आल्या. ज्या क्षणाचं वर्णन केलं तो खेळात नाही, तो माझ्या कंट्रोलरचा दोष होता, वाचकांची आणि खेळ करणाऱ्यांची माफी मागतो. त्यानं काही झाकलं नाही, आणि त्यामुळेच जास्त हसं झालं. तराजूच वाकडा होता तर एकोणीस वर्षांचे सगळे गुणच वाकडे, असं लोक म्हणाले. पान दुसऱ्याकडे गेलं. त्याला शब्दकोड्यांची उत्तरं तपासायचं काम मिळालं. तिथं उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. मत लागत नाही.

ज्या दिवशी पान गेलं त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं मला पुन्हा एकदा जोडलं. 'घरभर' लावला. म्हाताऱ्याला पलंगापाशी उभं केलं आणि मला गादीवर ठेवलं. आता त्याला सगळं माहीत होतं. कुठला ठिपका, कुठला दोष, सगळं. तरी म्हातारा खुर्चीपाशी पोचेपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं वायर गुंडाळली आणि मला आईच्या कपाटात, लोकरीच्या गुंड्यांमागे ठेवून दिलं.

तिथं मी अकरा वर्षं होतो. अंधाराबद्दल काय सांगू, सगळा अंधार सारखाच. बाहेर नवे खेळ येत होते, त्यांच्यावर नवी माणसं मतं देत होती, भांडत होती, हे सगळं मला भिंतीपलीकडल्या टीव्हीच्या आवाजावरून कळायचं. आमच्या टीव्हीवर खेळ पुन्हा लागला नाही. मला वाटायचं, या माणसानं मला एकदा तरी बाहेर काढावं, विचारावं, की अरे, तू डावीकडेच का ओढलंस? उजवीकडे का नाही? वर का नाही?

गेल्या आठवड्यात त्यानं कपाट उघडलं. केस पांढरे झाले आहेत, बोटं तीच आहेत. मला पिशवीत घालून तो इथं या दुकानात घेऊन आला. बाईंनी विचारलं, काय होतंय याला.

"डावीकडे ओढतो."

"दांडी बदलून देते. आठवड्यानं या."

"बदलू नका," तो म्हणाला. "फक्त उघडून बघा, कशानं ओढतो ते. मला तेवढंच कळायला हवं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "दुरुस्त नाही करायचं?"

"नाही."

म्हणजे बघा, अकरा वर्षांनी का होईना, त्यानं विचारलं. काल बाईंनी मला उघडलं. पोट उघडं पडलं की मी डोळे मिटून घेतो, लाज वाटते. त्या आत वाकून बघत राहिल्या, आणि मग 'हं' म्हणाल्या. नुसतं 'हं'. मित्रांनो, त्या 'हं'चा अर्थ मला कळला. उद्या तो येईल. बाई त्याला सांगतील, दांडी झिजली आहे, पण सगळीकडून नाही, एकाच बाजूनं. कुणीतरी वर्षानुवर्षं फक्त डावीकडे दाबत होतं. तो म्हणेल, मी तर सगळीकडे दाबायचो. मग घरी जाता जाता, रस्त्यात कुठेतरी तो थांबेल. त्या घरात दुसरं होतंच कोण? त्याला कळेल, की त्या दिवशी म्हाताऱ्याला खुर्चीपाशी कोण घेऊन गेलं. तो दोष नव्हता. तो तिचा अंगठा होता. आणि ते साडेनऊ गुण अगदी बरोबर दिले होते, फक्त खेळाचं नाव चुकलं होतं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. दुरुस्त होऊन उद्या तुम्ही घरोघर जाल, नव्या नव्या खेळांना हातभार लावाल. कुणी एखाद्या गोष्टीला नावं ठेवत असेल तर त्याच्या हातात काय आहे ते आधी बघा. आणि एखाद्याला तिथं नसलेलं काही दिसलं, तर हसण्याआधी त्याला एकदा विचारा, की बाबा रे, तुला ते कुणामुळे दिसलं. जुन्या वस्तू वाकड्या होतात त्या आपोआप नाही होत. कुणीतरी प्रेमानं धरलेलं असतं, म्हणून होतात. माझ्याकडेच बघा ना. माझी ही दांडी...

"आजोबा." पलीकडचा पांढरा कंट्रोलर पहिल्यांदाच बोलला. "काल बाईंनी तुम्हाला उघडलं तेव्हा मी शेजारीच होतो. त्या नुसतं 'हं' नाही म्हणाल्या. दांडी अजिबात झिजलेली नाही म्हणाल्या. आत औषध सांडून वाळलंय, त्यानं ती डावीकडे चिकटून राहते. खोकल्याचं औषध, त्यांनी वास घेऊन सांगितलं. आजोबा, त्या आईंनी तुम्हाला कधी हातात तरी घेतलं होतं का?"